कॅम बदलला की गाडी पळते? विकण्याआधी हे समजून घ्या



मागच्या व्हिडिओत आपण बाइक मॉडिफिकेशनच्या दुकानात कुठला माल ठेवायचा ते बघितलं. त्यानंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: "सर, परफॉर्मन्स कॅम विकायला ठेवू का? मार्जिन चांगलं आहे म्हणतात."

मार्जिन आहे, खोटं नाही. पण कॅमशाफ्ट म्हणजे हँडल ग्रिप किंवा इंडिकेटर नव्हे. आवडला नाही तर ग्राहक काढून ठेवेल आणि विषय संपेल, असं इथे होत नाही. इंजिनाचा स्वभावच बदलतो. तो कसा बदलतो हे तुम्हाला कळत नसेल, तर तुम्ही माल विकत नाही, जुगार खेळताय. आणि पैसे ग्राहकाचे लागलेत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दुकानाच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः हा जुगार खेळलो आणि हरलो.

माझी चूक, आधी तीच सांगतो

कोल्हापुरात आमचं दुकान तेव्हा नवं होतं. बीबीए झालेलं, एक्सेल शीटवर मार्जिन काढता येत होतं, पण इंजिन उघडायचं काम आमच्या मिस्त्रींचं. एक गिऱ्हाईक आले. शाळेत शिक्षक, जुनी कास्ट आयर्न इंजिनाची ३५० बुलेट, दर शनिवारी आंबा घाटातून रत्नागिरीकडे गावी जायचे. म्हणाले, "गाडीत जरा दम आणा."

मी कॅटलॉगमधला सगळ्यात मोठा कॅम सेट काढला. मोठा म्हणजे भारी, एवढंच मला कळत होतं. मिस्त्री म्हणाले होते, "मालक, ह्यो कॅम रेसचा दिसतोय." मी म्हटलं, "बसवा हो, त्यांना दमच पाहिजे."

गाडी बसवून दिली. हायवेला मोकळी झाली, सर खूश. दोन आठवड्यांनी परत आले. गाडी स्टँडला लावली आणि शांतपणे म्हणाले, "शेठ, गाडी पळतीय, पण चढत नाही हो."

मागे बायको, पुढे टाकीवर पिशवी, आणि साखरप्याकडून घाट चढताना गाडी तिसऱ्या गिअरला गुदमरायची. दुसरा टाकावा तर इंजिन ओरडायचं. सिग्नलला उभी राहिली की बंद पडायची.

कॅम खराब नव्हता. मिस्त्रींचं फिटिंगही बरोबर होतं. मी चुकीच्या माणसाला बरोबर माल विकला होता. जुना कॅम परत बसवला, पैसे परत दिले, दोन वेळची मजुरी आणि पॅकिंग माझ्या खिशातून गेलं. ते सर आजही ऑइल बदलायला येतात. पण त्यांच्या शाळेतल्या आणखी तिघांकडे बुलेट होती, त्यातलं कुणी आलं नाही. हे नुकसान एक्सेलमध्ये कुठल्या कॉलमला लिहायचं?

म्हणून आज नीट समजून घेऊ.

कॅमशाफ्ट करतो काय?

इंजिनाला दुकान समजा. पुढच्या दारातून हवा-पेट्रोल आत येतं, तो इनटेक व्हॉल्व्ह. मागच्या दारातून धूर बाहेर जातो, तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ही दोन दारं कधी उघडायची, किती उघडायची आणि कधी लावायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे कॅमशाफ्ट. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना लोब म्हणतात. लोब फिरला की दार उघडतं, पुढे सरकला की स्प्रिंग ते दार लावते.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅम एक फेरा मारतो. म्हणजे ६००० आरपीएमला कॅम मिनिटाला ३००० वेळा फिरतो आणि पुढचं दार सेकंदाला ५० वेळा उघडतं-लागतं. एवढ्या घाईत दार उघडायची वेळ थोडी पुढे-मागे झाली तरी धंद्यावर परिणाम होणारच.

कॅमच्या कागदावरचे तीन आकडे

चांगल्या कंपनीच्या कॅमबरोबर एक कागद येतो, त्याला कॅम कार्ड म्हणतात. त्यावरचे तीन आकडे वाचता आले की निम्मं काम झालं.

१) लिफ्ट: शटर किती वर जातं ते. हे मिलिमीटरमध्ये असतं. लिफ्ट वाढली की हवेला जागा जास्त मिळते. एक लक्षात ठेवा, रॉकर आर्म असलेल्या इंजिनात लोबची उंची आणि व्हॉल्व्हची लिफ्ट सारखी असेलच असं नाही. लोबच्या लिफ्टला रॉकरच्या गुणोत्तराने गुणावं लागतं. ग्राहक दोन कॅमची तुलना करताना एकाची लोब लिफ्ट आणि दुसऱ्याची व्हॉल्व्ह लिफ्ट धरून भांडतो. तुम्ही तसं करू नका.

२) ड्युरेशन: शटर किती वेळ उघडं राहतं ते. हे क्रँकच्या अंशांत मोजतात. समजा २४० अंश. ३००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो, म्हणजे दार साधारण १३ मिलिसेकंद उघडं. ६००० ला तेच दार फक्त साडेसहा-सात मिलिसेकंद उघडं. स्पीड वाढला की हवेला आत यायला वेळच मिळत नाही, म्हणून रेसचे कॅम दार जास्त अंश उघडं ठेवतात.

इथेही एक गोम आहे. ड्युरेशन कुठून मोजलं? दार जरासं हललं तिथून, की १ मिलिमीटर उघडल्यावर? अमेरिकन कंपन्या बहुतेक वेळा ०.०५० इंच म्हणजे १.२७ मिलिमीटर लिफ्टवरचा आकडाही देतात. एकाच कॅमचे हे आकडे बरेच वेगळे येतात. मोजायची पद्धत सारखी असेल तरच तुलना करा.

३) लोब सेपरेशन आणि ओव्हरलॅप: धूर बाहेर जाऊन संपायच्या आतच पुढचं दार उघडायला लागतं. थोडा वेळ दोन्ही दारं उघडी असतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधला कोन म्हणजे लोब सेपरेशन. हा कोन कमी झाला की ओव्हरलॅप वाढतो.

हिशोब सोपा आहे. दोन्ही ड्युरेशन मिळवा, ४ ने भागा, त्यातून लोब सेपरेशन वजा करा आणि २ ने गुणा. २७०/२७० आणि ११० अंशांचा कॅम असेल तर ओव्हरलॅप ५० अंश. २९०/२९० आणि १०६ अंशांचा असेल तर ७८. पहिला रोजच्या वापराला चालेल. दुसरा आयडलिंगला डुगडुगणार हे बॉक्स उघडायच्या आधी सांगता येतं.

मग ताकद येते कुठून?

आता मुख्य मुद्दा. कॅम ताकद फुकट देत नाही, बऱ्याच अंशी ती एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे ठेवतो.

पिस्टन खाली जाताना हवा आत ओढतो. तो खाली पोचून वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह लगेच लागत नाही. मोठ्या ड्युरेशनच्या कॅममध्ये तर तो आणखी उशिरा लागतो. जास्त आरपीएमला याचा फायदा होतो. पाइपातून जोरात येणारी हवा आपल्या वेगामुळे आत घुसतच राहते आणि सिलिंडर जास्त भरतो. पण कमी आरपीएमला हवेला तेवढा वेग नसतो. पिस्टन वर येतो आणि भरलेली हवा उघड्या दारातून परत बाहेर ढकलतो. सिलिंडर अर्धवट भरलेला, कॉम्प्रेशन कमी, म्हणून गाडी गुदमरते. आमच्या सरांची बुलेट घाटात हेच करत होती.

ओव्हरलॅपचंही तसंच. जास्त स्पीडला बाहेर जाणारा धूर मागे ओढ निर्माण करतो आणि ताजी हवा आत खेचतो. कमी स्पीडला उलट होतं. धूर इनटेककडे परत फिरतो, आयडलिंग बिघडतं, काही पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. अॅव्हरेज पडतो आणि पीयूसीत हायड्रोकार्बनचा आकडा वर जातो.

हे गणितात बघू. पॉवर काढायचं सूत्र: टॉर्क (न्यूटन-मीटर) गुणिले आरपीएम, भागिले ७०२२. उत्तर पीएसमध्ये येतं. पुढचे आकडे कुठल्या एका गाडीचे नाहीत, समजावं म्हणून घेतलेत.

- मूळ कॅम: ३००० आरपीएमला २७ न्यूटन-मीटर, म्हणजे ११.५ पीएस. ५५०० ला २४ न्यूटन-मीटर, म्हणजे १८.८ पीएस.
- मोठा कॅम: ३००० ला २४ न्यूटन-मीटर, म्हणजे १०.३ पीएस. ५५०० ला २७ न्यूटन-मीटर, म्हणजे २१.१ पीएस.

जाहिरातीत काय लिहिणार? "२ पीएसपेक्षा जास्त वाढ!" आणि ते खोटंही नाही. पण ग्राहक दिवसभर ३००० वर गाडी चालवत असेल तर त्याला वाढ मिळालीच नाही, उलट सव्वा पीएस त्याने पैसे देऊन गमावला.

इंजिनाचा मूळ स्वभावही बघावा लागतो. क्लासिक ३५० चं जुनं ३४६ सीसी इंजिन घ्या: बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०, आणि २८ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० आरपीएमलाच. आता केटीएम ३९० ड्यूकचं ३७३ सीसी इंजिन: बोअर ८९, स्ट्रोक ६०, चार व्हॉल्व्ह, आणि २०१७ च्या मॉडेलमध्ये ३७ न्यूटन-मीटर ७००० ला. एक बैलगाडी ओढणारा बैल, दुसरा शर्यतीचा घोडा. बैलाला घोड्याची नाल ठोकून तो शर्यत जिंकत नाही.

कंपनीलाही हे कोडं सुटलं नव्हतं

ग्राहक विचारतो, "एवढंच आहे तर कंपनी चांगला कॅम का बसवत नाही?" उत्तर तयार ठेवा. कंपनीला एकाच कॅममध्ये अॅव्हरेज, प्रदूषणाचे नियम, शांत आयडलिंग, घाट, हायवे आणि लाखभर किलोमीटरचं आयुष्य हे सगळं बसवायचं असतं. तो तडजोडीचा कॅम असतो, निकृष्ट नसतो.

एका कॅम प्रोफाइलने सगळं होत नाही हे होंडानेच दाखवलं. १९८९ साली त्यांनी जपानमध्ये इंटिग्रा गाडीत व्हीटेक आणलं. एकाच शाफ्टवर कमी स्पीडचे वेगळे लोब आणि जास्त स्पीडचा वेगळा लोब. ठरावीक आरपीएमनंतर ऑइलच्या दाबाने पिन सरकते आणि रॉकर मोठ्या लोबवर चालायला लागतात. १.६ लिटरच्या इंजिनातून १६० पीएस काढले आणि गाडी बाजारातही नेता येत होती. एवढी यंत्रणा करावी लागली, यातच सगळं आलं.

कॅम एकटा येत नाही

नवे दुकानदार इथे फसतात. कॅमची किंमत सांगतात आणि त्याच्यासोबत येणारी वरात विसरतात.

- व्हॉल्व्ह स्प्रिंग: जुनी स्प्रिंग नवीन लोबच्या वेगाला पुरली नाही तर जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह वेळेत लागत नाही, हवेत तरंगतो. लिफ्ट खूप वाढली तर स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकतात आणि काहीतरी तुटतं.
- पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर: सगळ्यात महागडी चूक इथे होते. कॅम बसवल्यावर सेल्फ मारायचा नाही. आधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही अडलं तर जोर लावू नका. अंतर मोजायला पिस्टनवर लहान मुलांची माती ठेवून ठसा घेतात. किमान अंतर कॅम कंपनी देते, तेच पाळा.
- टायमिंगच्या खुणा आणि टॅपेट: कॅम एक दात जरी चुकला तरी सगळे आकडे वाया. टॅपेटचा गॅप नवीन कॅमच्या कागदाप्रमाणे ठेवा, जुन्या सवयीने नको.
- पेट्रोलचा हिशोब: कार्बोरेटर असेल तर जेटिंग. इंजेक्शनची गाडी असेल तर मॅपिंग. ओव्हरलॅप वाढला की इनटेकमधला दाब बदलतो आणि ईसीयूचा अंदाज चुकतो.
- सुरुवातीची काळजी: लोबला कंपनीने सांगितलेलं असेंब्ली ल्यूब लावूनच बसवा. सपाट टॅपेट असलेल्या इंजिनात पहिली काही मिनिटं फार महत्त्वाची असतात. तिथेच लोब आणि टॅपेट एकमेकांना सरावतात, नाहीतर एकमेकांना खातात.

आणि एक इशारा. "तुमचाच कॅम घासून लिफ्ट वाढवून देतो" असं सांगणारे भेटतील. हे तंत्र खरं आहे. लोबचा खालचा गोल भाग घासून कमी केला की लिफ्ट वाढते. पण कॅमचा वरचा थर कडक केलेला असतो. तो किती खोल आहे हे न बघता घासलं तर मऊ धातू उघडा पडतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये लोब झिजतो. शिवाय टॅपेट अॅडजस्ट करायला जागा पुरेल का हेही बघावं लागतं. काम करणाऱ्याकडे मोजमाप नसेल तर तिथे जाऊ नका.

आता कोटेशन. समजा इंजेक्शनची बाइक आहे. कॅम ९,०००, स्प्रिंग सेट ३,५००, गॅस्केट आणि ऑइल २,२००, मॅपिंग ६,०००, मजुरी ४,०००. एकूण २४,७००. तुमच्या शहरात भाव वेगळे असतील, पण पद्धत हीच: ९,००० ची गोष्ट २५,००० ला जाते हे ग्राहकाला पहिल्याच दिवशी सांगा. नंतर सांगितलं की तुम्ही लबाड ठरता.

विकण्याआधी हे पाच प्रश्न

आमच्या काउंटरवर हे छापून लावलेत.

१) गाडी रोज कुठे चालते? गाव, हायवे, घाट, की ट्रॅक?
२) बहुतेक वेळा किती आरपीएमवर असते? एकटे चालवता की डबल सीट?
३) आयडलिंग बिघडलं आणि अॅव्हरेज पडला तर चालेल का?
४) इंजिनाची आजची तब्येत कशी आहे? कॉम्प्रेशन कमी असेल तर आधी ते काम.
५) गाडी वॉरंटीत आहे का?

आमच्याकडे कॅम मागायला आलेले बरेच जण या प्रश्नांनंतर वेगळंच काम करून जातात. टॅपेट सेटिंग, कार्बोरेटर साफ, क्लच प्लेट, चेन स्प्रॉकेट. अनेकदा "दम नाही" म्हणजे क्लच घसरत असतो! बिल लहान होतं, पण माणूस परत येतो.

कायदा लपवू नका

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून मोठे कॅम आम्ही फक्त ट्रॅकच्या गाड्यांसाठी देतो आणि बिलावर तसं लिहितो. रस्त्यावरच्या गाडीला काही करायचं असेल तर आधी आरटीओच्या जाणकाराला विचारा. वॉरंटी जाईल हेही लेखी द्या.

मग या धंद्यात आहे काय?

भरपूर आहे, पण समजणाऱ्यासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात एड इस्कंदेरियन या तरुणाला आपल्या गाडीसाठी कॅम हवा होता. मिळायला महिनोन्महिने लागत होते. त्याने जुनं ग्राइंडिंग मशीन घेतलं, ते कॅम घासण्यासाठी बदलून घेतलं आणि स्वतःच कॅम बनवायला लागला. पुढे तो अमेरिकेतल्या रेसिंग कॅमचा मोठा ब्रँड झाला.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या सोलापुरात १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देश-परदेशातल्या मोठ्या गाडी कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. चादरीच्या गावात कॅम बनतो, तो जगात जातो.

या दोन्ही ठिकाणी पाया एकच: मोजमाप. तुमच्या दुकानातही तेच सुरू करा. एक डायल गेज, एक फीलर गेज, एक कॉम्प्रेशन गेज आणि एक वही. प्रत्येक गाडीचे आधीचे आणि नंतरचे आकडे लिहा. वर्षभरात ती वही तुमच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त गिऱ्हाईक आणेल.

या आठवड्याचा गृहपाठ: कुठल्याही एका कॅमचं कार्ड मिळवा, ओव्हरलॅप काढा आणि तो कॅम कुणाला विकाल आणि कुणाला नाही, हे दोन ओळींत कमेंटमध्ये लिहा. "कुणाला नाही" हे आधी लिहा. मी प्रत्येक उत्तर वाचतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदा सांभाळा, आणि गिऱ्हाईकाचा घाटही.